माशांचं विरजण

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून कालेजात चिलटं पाळती, आन् घरात एक दिसलं की पंचा घिऊन मागं लागती." यात खोटं काही नाही. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारीक, लाल डोळ्यांची फळमाशी हा माझ्या पीएच.डी.चा विषय. आमच्या भागातलं ऊन ती कसं सोसते, पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात वाढवली तर तिच्यात काय बदलतं, एवढंच मला बघायचं होतं. दहा-बारा दिवसांत एक पिढी होते. चार वर्षांत माझ्याकडे पणत्या-खापरपणत्यांच्याही पलीकडचं गोत जमलं होतं. आणि मग त्या मरायला लागल्या.

माझा स्वभाव ठाम आहे. वर्गात, घरात, भाजी घेताना मी पटकन ठरवते, आणि एकदा ठरवलं की मागे हटत नाही. नवरा म्हणतो, तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा, भिंत निदान ऐकून घेते. या एका प्रकरणात मात्र माझं डोकं अजून जागेवर नाही. काय झालं ते मी क्रमानं सांगू शकते. कशामुळे झालं ते विचाराल तर दोन दिवस द्या, मी तीन उत्तरं देईन.

आमच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. मी नोकरीला लागले तेव्हाच त्यांची वीसेक वर्षं झाली होती. आमच्याकडच्या माशांचं मूळ गोत त्यांनीच आणलेलं. त्यांच्या भावाचा बसस्टँडजवळ फळांचा गाडा होता. आधीच्या एका सरांना शिकवायला माशा हव्या होत्या, तर चाचांनी गाड्यावरच्या सडक्या केळ्यांवर बाटली उपडी धरून त्या पकडल्या. तेव्हापासून एकही पिढी खंडली नव्हती. कॉलेजला सुट्टी लागो, संप होवो, चाचा दर दहा दिवसांनी येऊन माशा नव्या बाटलीत घालून जायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी ते शिरखुर्म्याचा डबा घेऊन आले, आम्हाला दिला आणि बाटल्या बदलून गेले, हे मी स्वतः पाहिलंय.

माशांचं खाणं म्हणजे जवळजवळ शिराच. रवा, गूळ, पाणी आणि घट्ट व्हायला अगर, म्हणजे चायनाग्रासच. हे सगळं पातेल्यात रटरट शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं, निवलं की वर चिमूटभर यीस्ट. बाटलीच्या तोंडाला कापसाचं बूच. ही बुचं चाचा स्वतः करायचे. कापूस घट्ट वळून वर मलमलीचा तुकडा बांधायचा, अगदी बाहुलीचं डोकं करतात तसा. एवढी मेहनतीची वस्तू फेकायला त्यांचा जीव होत नसे. वापरलेली बुचं ते धुवायचे आणि गच्चीवर चादर टाकून वाळत घालायचे. मला ते माहीत होतं. मला ते आवडायचंही. मराठवाड्याच्या उन्हात काय जिवंत राहणार, हे आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

विरजण मात्र माझं. सुरुवातीला कधी कधी यीस्ट नीट चढायचं नाही, बुरशी यायची, माशा अंडी घालायला नाराज असायच्या. मला आईची दह्याची पद्धत आठवली. चांगलं लागलेलं दही असेल तर त्यातलं चमचाभर पुढच्या दुधात. मग मी ज्या बाटलीत माशा भराभर वाढल्यात तिच्यातला चमचाभर शिरा काढला, थोड्या पाण्यात कालवला, अळ्या फडक्यानं गाळून काढल्या आणि ते पाणी नव्या बाटल्यांत थेंब थेंब घातलं. काय सांगू, बाटल्या अळ्यांनी नुसत्या वळवळायला लागल्या. तेव्हापासून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये एक बरणी कायम असायची. तिच्यावर मी चिठ्ठी लावली होती, "विरजण. हात लावू नये." कुठल्या पुस्तकात नसलेली युक्ती आपल्याला सुचली, या आनंदात मी बरेच दिवस होते.

आजार आला तो एका मार्चमध्ये. आधी अळ्या कमी झाल्या. मग माशांची पोटं पांढुरकी फुगलेली दिसायला लागली. बाटली हलवली की उडायच्या ऐवजी त्या काचेवरून घसरून शिऱ्यात पडायच्या. महिनाभर जगायला हव्यात त्या आठवड्यात मरून पडत होत्या. मी उन्हाचा परिणाम बघत होते ना, म्हणून पहिले पंधरा दिवस मी खूश होते, हेही कबूल करते. वाटलं, सापडलं! मग सावलीतल्या, थंडाव्यातल्या बाटल्या पण तशाच दिसल्या. चार वर्षांचं काम होतं ते. माशी उन्हानं मरतेय की आणखी कशानं, हेच सांगता येत नसेल तर मी लिहिलेल्या एकाही ओळीला अर्थ नव्हता.

त्या दिवशी मी गच्चीवर गेले. चाचा बुचं उलटीपालटी करत होते. एक बूच मी उचललं, मलमल सोडली, तर आतल्या कापसाच्या घडीत दोन वाळक्या मेलेल्या माशा. झालं. माझा पारा चढला.

"हे काय आहे चाचा? ही घाण तुम्ही परत बाटलीला लावता?"

"म्याडम, धुतो ना मी. दोनदा गरम पान्यातून काढतो. एखादी ऱ्हात आसंल आत."

"एखादी? माझं चार वर्षांचं काम गेलं!"

"माशा कावून मरायल्यात मला म्हाईत न्हाई म्याडम. पर माज्या हातानं न्हाई मरायच्या. मीच आनल्यात त्या."

मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. माझ्या मार्गदर्शकांनी सकाळीच फोनवर खरडपट्टी काढली होती, आणि मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. खाली येऊन विभागप्रमुखांना अर्ज लिहिला. अस्वच्छ पद्धतीमुळे संशोधनाचं नुकसान, अशी काहीतरी भाषा होती. सरांना कटकट नको होती. आठवड्याच्या आत चाचांना सायकल स्टँडवर बसवलं आणि आम्हाला एक नवी मुलगी मदतनीस दिली. चाचांच्या जागी दुसरं कुणी असतं, माझ्या ओळखीपाळखीतलं, आमच्या गल्लीतलं, तर मी "अस्वच्छ" हा शब्द इतक्या सहज लिहिला असता का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला, आणि त्याचंही उत्तर मला नीट देता येत नाही.

मग मी सगळं नवं केलं. नव्या बाटल्या, नवा कापूस, नवं पातेलं. जुन्या माशांचं काही सोबत येऊ नये म्हणून त्यांची अंडी ब्लीचच्या पातळ पाण्यात धुऊन घेतली. त्यातून निघालेल्या माशा अशा टणाटण उड्या मारत होत्या की मला भरून आलं. मनात म्हटलं, बघा, चाचांचाच दोष होता. दोन पिढ्या गेल्या. तिसऱ्या पिढीला पोटं फुगली.

त्यानंतरचे काही महिने मी नुसती चाचपडत होते. रव्याची दुकानं बदलली. गूळ बदलला. पाण्यावर संशय घेतला, मग नव्या मुलीच्या हाताच्या मेंदीवर घेतला. तिला मेंदी लावू नको म्हटलं तर ती रडली. चाचा दोषी असतील तर चाचा गेल्यावरही हे का होतंय, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारत होते आणि लगेच स्वतःच उत्तर देत होते की त्यांच्या वेळचं काहीतरी खोलीत राहिलं असेल. रोज सायकल स्टँडवरून जावं लागे. चाचा उठून उभे राहायचे, "सलाम म्याडम" म्हणायचे. मी मान हलवून पुढे जायची.

कोडं थोडं सुटलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. तो तेलगावकडे शेती करतो आणि तुती लावून रेशमाचे किडे वाढवतो. आईचे डोळे दाखवायला अंबाजोगाईला आला होता. आईला दवाखान्यात बसवून तो माझ्याकडे डबा द्यायला आला. मी एक फुगलेली माशी काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले होते. महिनाभर तेच बघत होते. आत बारीक, लांबट, चकचकीत दाणे दिसायचे. मी त्यांना यीस्ट समजत होते.

भावानं सहज डोळा लावला आणि म्हणाला, "ताई, हे तर आमच्या अळीतल्यावानी दिसायलंय."

"कसल्या अळीतल्या?"

"रेशमाच्या. मागं आमची एक बॅच गेलती न्हाई का? तवा रेशीम खात्याच्या साहेबानं असंच दाखवलतं. पेब्रिन म्हनत्यात. ह्ये मरत न्हाई लौकर. आमी शेडची माती खरवडून टाकली, चुना मारला, ट्रे उकळले, तवा कुठं गेलं."

एवढी पुस्तकं वाचलेली मी, आणि बारावी झालेला माझा भाऊ मला शिकवत होता. घरी आल्यावर पुस्तकं पुन्हा काढली. होतं सगळं त्यात. किड्यांच्या पेशीत राहणारे परजीवी असतात, त्यांचे बीजाणू जाड कवचाचे असतात, माशी मेली तरी ते तिच्या अंगात, विष्ठेत, खाण्यात टिकून राहतात, आणि पुढच्या अळीनं ते खाल्ले की तिच्या आतड्यात जागे होतात. रेशमातल्याच जातीचे आहेत असं नाही, पण भावकीतले. हे पान मी एमएस्सीला असताना पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं होतं.

पण ते पुस्तक नंतर काढलं. त्याच दुपारी, भाऊ तिथंच उभा असताना, मी सवयीनं फ्रीज उघडला, बरणी काढली आणि नव्या बाटल्यांत थेंब घालायला लागले.

"ह्ये काय घालायलीस?"

"विरजण. जुन्या बाटलीतलं."

भावानं बरणीवरची चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "रोगाचं विरजण लावायलीस की गं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं नवं केलं होतं, फक्त ती बरणी जुनी होती, कारण ती माझी होती. तिच्यातला एक थेंब काचेवर घेतला. दाणे चमकत होते, भरपूर.

आता इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. दोष माझा, चाचा निर्दोष, जाऊन माफी मागावी. तसं मी ठरवलंही होतं. पण रात्र गेल्यावर सकाळी पोळ्या लाटताना मनात आलं, विरजणानं रोग पसरवला हे खरं, पण विरजणात तो आला कुठून? आजारी माशीच्या बाटलीतून. ती माशी आजारी पडली कशानं? बुचांनी रोग एका बाटलीतून दुसरीत नेला असेल, आणि मग मी तो चमचाभर उचलला असेल. किंवा उलटं असेल. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आधी पोळी उलट, करपायलीये.

माफी मागण्याआधी नक्की करू, असं मी ठरवलं. किती शहाणी मी! बाहेरच्या एका विद्यापीठातून निरोगी माशा मागवल्या. आजारी माशांमधले बीजाणू काढून चार ठिकाणी ठेवले. काही उघड्या काचेवर गच्चीत. काही मेलेल्या वाळक्या माशांच्या पोटातच, त्याही गच्चीत. काही चाचांनी केलेल्या जुन्या बुचाच्या घडीत, तेही गच्चीत. आणि काही बाटलीभर पाण्यात, फ्रीजमध्ये. आमच्याकडे सगळ्या गोष्टींवर ऊन हा उपाय आहे. गाद्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या, घरात कुणी आजारी होऊन उठलं की त्याचं अंथरूण. चैत्र-वैशाखाचं ऊन होतं. गच्चीवर चप्पल विसरली तर पाय टाकवत नव्हता. दोन महिन्यांनी ते सगळं मी निरोगी माशांच्या शिऱ्यात कालवलं.

उघड्या काचेवरचे मेले होते. फ्रीजमधले ठणठणीत होते. वाळक्या माशीच्या पोटातले जिवंत निघाले, तिच्या कातडीनंच त्यांना सावली केली होती. आणि बुचातले? दोन बाटल्या आजारी पडल्या, दोन नाही. म्हणजे बुचातून रोग जाऊ शकतो, पण जातोच असं नाही. मी पुन्हा करून बघितलं. या वेळी एक आजारी, तीन चांगल्या. मला हो तरी हवं होतं नाहीतर नाही तरी. आणखी एक शंका डोक्यात शिरली होती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चाचांनी गाड्यावरून आणलेल्या त्या पहिल्या माशांतच एखादी आजारी असली तर? मग दोष कुणाचा? केळ्याचा?

एवढ्यात शिपायाकडून कळलं की चाचा तीन महिन्यांनी निवृत्त होणार. मी सरांकडे गेले. म्हटलं, चाचांना प्रयोगशाळेत परत आणा, निदान शेवटचे तीन महिने.

सर म्हणाले, "तुम्हीच अर्ज दिला होता ना? मग आता तुम्हीच लिहून द्या, का परत घ्यायचं ते."

मी कागद घेऊन बसले. "दोष चाचांचा नव्हता" असं लिहिलं आणि खोडलं, कारण ते मला माहीत नव्हतं. "दोष माझा होता" लिहिलं, तेही अर्धंच खरं होतं. "कारण अनिश्चित" लिहिलं तर सर म्हणतील मग कशाला परत आणायचं. तीन दिवस कागद पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी वाटलं, ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना तरी सांगू. दुपारी सायकल स्टँडवर गेले आणि चाचांना म्हटलं, "पाच मिनिटं वर येता? काहीतरी दाखवायचंय."

त्यांनी आधी हात धुतले. मग मी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत ते यंत्र त्यांनी हजार वेळा पुसलं असेल, पण त्यातून बघायला त्यांना कुणी कधी बसवलंच नव्हतं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"तांदळावानी दिसायलंय."

मी सगळं सांगितलं. विरजण, बुचं, गच्ची, दोन बाटल्या आजारी, दोन चांगल्या. मी खूप बोलले. मध्येच विरजणाला दोष देत होते, मध्येच बुचाला, मध्येच दोघांनाही सोडून देत होते. चाचा मान हलवत ऐकत होते.

"म्हंजी माज्या हातानं झालं का तुमच्या?"

"माहीत नाही, चाचा. खरंच माहीत नाही. मी लई शोधलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला चांगलं आठवतं. म्हणाले, "आता म्हनताव म्हाईत न्हाई. मंग त्या दिवशी कसं म्हाईत होतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांच्यासमोर रडायची मला लाज वाटली. माझी लाज त्यांच्या लक्षात आली असावी. ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि खाली निघून गेले.

मग लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "मागील वर्षी माशांच्या रोगाचा दोष मी यांच्यावर ठेवला. तेव्हा मला रोगाचं कारण माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. त्यांना प्रयोगशाळेत परत घ्यावं. त्यांना तिथून हलवण्याचं दुसरं कोणतंही कारण नव्हतं." सही केली. सरांना देण्याआधी स्टँडवर गेले आणि उभ्या उभ्या चाचांना वाचून दाखवलं.

"शेवटची वळ पुन्ना वाचा," ते म्हणाले.

मी वाचली.

"याची एक झेरॉक्स मिळंल का म्याडम?"

"कशाला चाचा? सर तुम्हाला उद्याच वर बोलावतील."

"वर यीन की. झेरॉक्स घरी दाखवायची हाय." त्यांनी कागदाकडे बोट केलं, पण हात लावला नाही. "लॅबातून काडून हितं बसवलं, तवापून बायको, पोरी, जावई, समद्यांना वाटतंय, मी काहीतरी उचललं."